घरच्या सोलरला बॅटरी जोडावी का? जोडली तर पैसे किती वर्षांत वसूल होतात?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला रो-हाउस आहे, ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरलंय, बसवणारा म्हणतो बॅटरीच्या नादी लागू नका आणि बायको म्हणते लाइट गेल्यावर काय करायचं. तुम्हाला हवंय ते 'किती वर्षांत वसूल' याचं उत्तर. ते खाली कुठेतरी येईल. आधी मी तुमच्या बायकोच्या बाजूने बोलणार आहे, कारण २०१९ साली आमच्या घरात हाच वाद झाला आणि तेव्हा माझ्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पुढे जुनं कौलारू, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. त्या स्लॅबवर ३३० वॉटची ९ पॅनेल, म्हणजे ३ किलोवॉटला थोडी कमी. माझे दीर पुण्याला इंजिनिअर आहेत, त्यामुळे आमच्याकडे वीज, बँक, गाडी असल्या विषयांत शेवटचा शब्द त्यांचा. मी म्हटलं, एवढा खर्च होतोच आहे तर बॅटरीपण घेऊ, पावसाळ्यात इथे लाइटचा भरवसा नसतो. भाऊजींनी कॅलेंडरचं मागचं पान घेतलं, आकडे मांडले आणि म्हणाले, "वहिनी, नेट मीटर आहे ना? दिवसा जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनीला द्यायची, रात्री तीच परत घ्यायची. ग्रिड हीच तुमची बॅटरी, आणि तीही फुकट."

मी विचारलं, "आणि ग्रिडच गेली तर?"

"तासाभरात येते की!"

ह्यांनी मान डोलावली आणि विषय मिटला.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग वादळ दुपारी दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं. दिवेआगर बाणकोटच्या खाडीपलीकडे, आमच्या उत्तरेला. पण वादळाला खाडी आडवी येत नाही. आम्ही चौघं माजघरात दार लावून बसलो होतो. वरून नळे सरकत होते, फुटत होते, आणि सासूबाई प्रत्येक आवाजाला "गेला" म्हणून मोजत होत्या. बाहेर आलो तेव्हा पोफळी मधोमध पिळून तुटलेल्या, माड मुळासकट आडवे, विजेचे खांब वाकून वाडीत झोपलेले. स्लॅबवरची ९ पॅनेल मात्र जागच्या जागी. स्ट्रक्चर भाऊजींनी समोर उभं राहून करून घेतलं होतं, ते श्रेय त्यांचं. मी कुणाचं श्रेय ठेवून घेत नाही.

५ तारखेला वटपौर्णिमा होती. पाखाडीवरचा वडच उन्मळून पडलेला. बायकांनी पडलेल्या बुंध्यालाच दोरा गुंडाळला. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मी झाडू घेऊन स्लॅबवर गेले, पाला काढला, वाळू आणि मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसला. पॅनेल अशी झाली की माझं तोंड दिसत होतं. खाली येऊन इन्व्हर्टर बघितला, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र. तांबडा दिवा, आणि पडद्यावर दोन शब्द: 'नो ग्रिड'. बंद करून चालू केला. तीनदा. तेच.

डोक्यावर ३ किलोवॉट तळपतंय आणि घरात मोबाइल चार्ज करायला वीज नाही!

डीप फ्रीजरमध्ये हापूसचा रस होता. लॉकडाउनमुळे मागे उरलेला आंबा आम्ही घरीच काढला होता आणि किलोकिलोच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. चाळीस किलो. (भाऊजी अजून तीस म्हणतात.) दोन दिवस झाकण उघडलं नाही, वर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी बोटाने दाबून बघितलं तर पिशव्या मऊ. चौथ्या दिवशी फुगल्या आणि झाकण उचलताच आंबूस वास आला. उभ्या राहिलेल्या एका माडाच्या आळ्यात सगळा ओतला. एकेक पिशवी कात्रीने कापून. पाय चिकट होत होते आणि मुंग्यांची रांग विहिरीपर्यंत गेली होती.

विहिरीचंही तेच. पंप आल्यावर रहाट काढून विकला होता. सासूबाईंनी माळ्यावरून जुना पोहरा शोधून काढला आणि मला पन्नाशीत पाणी शेंदायला शिकवलं.

चार-पाच दिवसांनी बाहेरच्या जिल्ह्यातून वायरमनची पोरं आली. त्यांची सोय शाळेत होती, आळीतून चहा-जेवण जायचं. त्यातल्या एकाला मी रागानेच विचारलं, एवढं ऊन आहे, पॅनेल धड आहेत, मग हे यंत्र रुसून का बसलंय? तो म्हणाला, "ताई, ते बंद आहे म्हणून मी खांबावर चढतोय. तुमची वीज उलटी लाइनीत आली असती तर वर मी राहिलो नसतो." मग त्याने मलाच विचारलं, आळीत जनरेटर कुणाकडे आहे, आणि लावताना मेन स्विच पाडतात का? त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती. मी तशीच उठून दोन घरं हिंडून आले. एकाचा मेन वरच होता.

याला अँटी-आयलँडिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडून चालणारा, इन्व्हर्टर ग्रिडचा व्होल्टेज आणि ५० हर्ट्झचा ठेका सतत बघत असतो; ठेका थांबला की तोही थांबतो. तो बिघाड नसतो, त्याला केलेलंच तसं असतं. बसवणारे हे सांगत नाहीत, किंवा इतक्या हळू सांगतात की ऐकू येत नाही. ऑन-ग्रिड सोलर घेतलेल्या कितीतरी लोकांना पहिली लाइट जाईपर्यंत वाटत असतं की आता आपल्याकडे अंधार होणारच नाही.

आमच्या गावात त्या जूनमध्ये वीज एकाच माणसाकडे होती. वरच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींकडे. दीडशे वॉटची दोन पॅनेल, एक चार्ज कंट्रोलर, एक १२ व्होल्टची बॅटरी, चार दिवे, एक पंखा. ग्रिडशी संबंध नाही. त्यांना सगळे 'सौरमंडळ' म्हणायचे. वादळानंतर त्यांच्या पडवीत मोबाइलची रांग लागली आणि गुरुजींनी वहीत नावं लिहून अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लावली. आमच्या तीन किलोवॉटच्या घरातला मोबाइल त्यांच्या तीनशे वॉटवर चार्ज व्हायचा. लाइट आली सव्विसाव्या दिवशी.

तर मी दिवाळीत बॅटरी घेतली. कुणाला न विचारता. आणि चुकीची घेतली. हेही सांगते, कारण तुम्ही नेमकी हीच चूक करण्याची शक्यता जास्त आहे.

मी घेतला बाजारात मिळतो तो साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या. सोलर वर तसंच ऑन-ग्रिड. म्हणजे बॅटऱ्या भरायच्या त्या ग्रिडवरून. १६ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ आमच्या समोरून समुद्रातून गेलं आणि लाइट गेली. दोन बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिट असतात, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने उतरतं, म्हणजे हाती आले १.८. फ्रीजर आणि तीन पंख्यांनी ते पहाटेपर्यंत संपवले. सकाळी ऊन आलं, वर पॅनेल, खाली रिकाम्या बॅटऱ्या आणि मध्ये तोच 'नो ग्रिड'. घरात बॅटरी आहे आणि छपरावर सोलर आहे, एवढ्याने सोलरची बॅटरी होत नाही. दोघांची गाठ हायब्रिड इन्व्हर्टर घालून देतो, तो ग्रिड नसताना स्वतःचा ठेका धरतो आणि घराला लाइनीपासून तोडून चालवतो. दुकानदाराने हे मला सांगितलं नाही, पण मीही विचारलं नव्हतं.

त्या बॅटऱ्या अडीच वर्षांत गेल्या. नीट सांभाळल्या तर पाच वर्षं टिकतात. आम्ही त्या माळ्यावर ठेवल्या होत्या, कौलांखाली, उन्हाळ्यात तिथे हात लावला की चटका बसतो. उष्णता हा बॅटरीचा काळ. आणि डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून ह्यांनी फिल्टरचं पाणी घातलं. टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी जमली तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

२०२३ मध्ये ऑन-ग्रिड इन्व्हर्टर काढून हायब्रिड लावला आणि लिथियमची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट १०० एएचची बॅटरी घेतली. पॅनेल तीच राहिली. बॅटरीला पडले १ लाख ५ हजार, इन्व्हर्टर वेगळा. आता व्यवहाराचं बोलू.

कागदावर ही बॅटरी ५.१२ युनिटची. वापरायची नव्वद टक्के, त्यातून इन्व्हर्टरची घट गेली की हातात सव्वाचार युनिट येतात. हा आकडा पाठ करा आणि घरातल्या वस्तू त्यात बसवा. तीन जुने ७५ वॉटचे पंखे रात्री नऊ तास म्हणजे दोन युनिट, निम्मी बॅटरी तिथेच. तेच ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेतले तर पाऊण युनिटाच्या जरा वर. बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदला. हे मला एकाही सेल्समनने सांगितलं नाही, कारण पंखे तो विकत नाही.

बॅटरीवर चालणारी लाइन वेगळी काढून घ्या, स्वतंत्र डीबी, म्हणजे एमसीबीचा वेगळा डबा. पंखे, दिवे, फ्रीज, राउटर त्यात. गीझर आणि इस्त्री चुकूनही नाही. पंपाचं नीट विचारा. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट हे खरं, पण सुरू होताना मोटर कितीतरी पट ओढते. आमचा पंप आणि मिक्सर एकदम लागले की इन्व्हर्टर पडायचा आणि सासूबाई "वाटण अर्धं राहिलं" म्हणून ओरडायच्या. आता पंप अकरा ते दोनमध्येच. त्या वेळी पॅनेल भरात असतात, बॅटरीवर ताण येत नाही.

हायब्रिडमध्ये लाइट असताना बॅटरी किती टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही ते ठरवता येतं. बसवणारा ते वीसवर ठेवून निघून जातो. तुम्ही ते ऋतूप्रमाणे बदला. मी डिसेंबर ते एप्रिल तीसवर ठेवते, आगोट लागली की सत्तरवर, आणि वादळाची सूचना आली की ग्रिडवरून शंभर भरून घेते. मार्चमध्ये आमची पॅनेल दिवसाला बारा-तेरा युनिट देतात, जुलैच्या झडीत कधी दोन. म्हणजे पावसाळ्यात रिकामी झालेली बॅटरी एका दिवसात भरत नाही, आणि इथे लाइट जाते तीही पावसाळ्यातच. २०२४ च्या जुलैत मी निष्काळजीपणे बॅटरी पार तळाला नेली. आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) स्वतःला बंद करून घेतलं, आणि बॅटरी जागी नाही म्हणून हायब्रिडही उठेना. ग्रिड येईपर्यंत पुन्हा अंधार, तोही लाख रुपयांची बॅटरी घरात असताना. शेवटचे काही टक्के आपले नाहीत असंच धरून चाला.

महिन्यातून एकदा मी भर दुपारी मेन स्विच पाडते. घर चालतं का बघायचं. ह्यांना वाटायचं मला खेळ सुचतोय. तिसऱ्या महिन्यात मेन पाडला आणि घर गपकन बंद. चेंजओव्हरच्या (घर ग्रिडवरून बॅटरीवर वळवणाऱ्या स्विचच्या) डब्यात पाल जाऊन मेली होती, वाळून चिकटलेली. वादळाच्या रात्री ती पाल कुणी शोधली असती?

आता तुमचा प्रश्न. पैसे वसूल होतात का? सोलरचे होतात. ३ किलोवॉटला पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान आहे, महिन्याला सरासरी ३५० युनिटच्या आसपास वीज येते, तुमचं बिल मोठं असेल तर तीन-चार वर्षांत हिशेब बसतो. बॅटरीला ते अनुदान नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुनं कोटेशन घेऊन बसू नका.

बॅटरीचे पैसे वसूल होत नाहीत. जिथे नेट मीटर आहे तिथे नाहीच. ग्रिडला दिलेलं युनिट युनिटालाच वळतं होतं, आणि बॅटरीत घातलेल्या युनिटातले दहा-पंधरा टक्के येता-जाता हरवतात. म्हणजे रोज रात्री बॅटरी वापरून तुम्ही उलट थोडं गमावता. ३१ मार्चला शिल्लक युनिटांचा हिशेब मिटतो आणि त्यांना मिळणारा भाव आपण भरतो त्याच्या आसपासही नसतो हे खरं. पण वर्षाला लागेल तेवढंच सोलर लावलं असेल तर शिल्लक फारशी राहत नाही. स्थिर आकार तर बॅटरी असो-नसो भरायचाच. तेव्हा कॅलेंडरच्या मागच्या पानावरचे भाऊजींचे आकडे बरोबर होते. हे मी त्यांना तोंडावर अजून सांगितलेलं नाही.

पण त्यांच्या पुण्यातल्या सोसायटीत लिफ्टसाठी जनरेटर आहे. त्याचं डिझेल आणि देखभाल दर महिन्याच्या मेंटेनन्समधून जाते. त्याचे पैसे किती वर्षांत वसूल होतात, हे भाऊजींनी एकाही सभेत विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही. गेल्या मेमध्ये ते आठवडाभर राहायला आले होते. वळवाने लाइट गेली ती दीड दिवस आली नाही. ते पडवीत माझ्या पंख्याखाली बसून लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगा करत होते. मधूनच उठून इन्व्हर्टरकडे जायचे आणि परत येऊन काही न बोलता बसायचे. संध्याकाळी म्हणाले, "वहिनी, अडुसष्ट टक्के आहे. बरी चाललीय." मी नुसता चहा दिला.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. तुमच्याकडे लाइट किती वेळ जाते हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आठवड्यातून वीस मिनिटं जात असेल तर माझं वरचं सगळं विसरा, साधा इन्व्हर्टर आणि एक ट्यूब्युलर घ्या, हवेशीर जागी ठेवा, डिस्टिल्ड वॉटरची बाटली शेजारीच ठेवा आणि पैसे वाचवा. तासन्‌तास जात असेल, घरात आजारी माणूस असेल, फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल, बोअरवेलशिवाय पाणी नसेल, तर बायकोचं ऐका. दोन्हीच्या मध्ये असाल तर इन्व्हर्टर आताच हायब्रिड घ्या, नेट मीटरच्या अर्जात तो तसाच दाखवा, आणि बॅटरी वर्ष-दोन वर्षांनी जोडा. फक्त त्या इन्व्हर्टरला कोणती बॅटरी चालते याची कंपनीची यादी आजच मागून ठेवा, कारण दोघांची भाषा जुळली नाही तर टक्के चुकीचे दिसतात. आणि बॅटरी नसताना बहुतेक हायब्रिडही लाइट गेल्यावर बंदच पडतात, बसवणारा काहीही म्हणो.

आमच्याकडे खारा वारा असल्याने स्टीलचे नटबोल्ट, क्लॅम्प असल्या भानगडी जास्त आहेत, त्या तुम्हाला लागू नाहीत. अर्थिंग मात्र दोघांनाही सारखंच लागतं, त्यात काटकसर नको.

बोअरची मोटर किती एचपीची आणि रात्री काय काय चालतं ते खाली लिहा, मग बॅटरी केवढी ते सांगते. आणि भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. चाळीस किलोच होता. पिशव्या मी मोजून ओतल्यात.